सर्व्हरची किल्ली पेन ड्राइव्हवर: कीपॅडवाली आयर्नकी दोन वर्षं वापरल्यावर

सांगलीत गावभागाजवळ एक पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघते, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरपर्यंत. सर्व्हरवर दहा-अकरा वर्षांचे रिपोर्ट आहेत. कोणाची साखर, कोणाची एचआयव्हीची तपासणी, कोणाच्या गाठीचा निकाल. ही माणसं आम्हाला भाजी मंडईत भेटतात, त्यांच्या मुली आमच्या मुलींबरोबर शाळेत आहेत. म्हणून डेटाची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात आहे, आणि ती उघडायची किल्ली, म्हणजे एक छोटीशी फाइल, सर्व्हरच्या आत कुठेही नाही. ती एका छोट्या ड्राइव्हवर आहे आणि ती ड्राइव्ह डिस्क उघडली की काढून घेतली जाते. किंग्स्टनची आयर्नकी कीपॅड २००, ८ जीबीची. तिच्याबद्दल लिहिते आणि तिच्याभोवती जी व्यवस्था लावावी लागते तिच्याबद्दलही, कारण नुसती ड्राइव्ह विकत आणून काहीच सुरक्षित होत नाही. हे मला दोनदा घाबरल्यावर कळलं.

पहिली भीती २०१९ च्या पुराची. तेव्हा आमच्याकडे साधा पेन ड्राइव्ह होता. ज्यांनी सर्व्हर बसवून दिला त्यांनी तो मागच्या बाजूला खोचून दिला आणि सांगितलं, याला हात लावू नका. सोय मोठी होती. लाइट गेली, यूपीएस संपला, परत लाइट आली की सर्व्हर आपोआप उठायचा, पेन ड्राइव्हवरून किल्ली वाचायचा आणि सकाळी सातला उपाशीपोटीचे पेशंट यायच्या आत सगळं तयार असायचं. ऑगस्टमध्ये कृष्णा चढायला लागली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी गल्लीत आलं त्या रात्री आम्ही चौघांनी सर्व्हर उचलून वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत ठेवला. घाईत पेन ड्राइव्ह तसाच मागे खोचलेला राहिला. खोलीला धड कडी नव्हती. त्यानंतर आठ दिवस आम्ही कोणीच त्या इमारतीपर्यंत पोचू शकलो नाही.

पाणी ओसरल्यावर सर्व्हर जागेवर होता, चालूही झाला. सगळे खूश. तेवढ्यात लॅबच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "अगं, मधल्या काळात कोणी तो डबा उचलून नेला असता तर? तू म्हणाली होतीस ना, आपला डेटा कुलपात असतो."

मी म्हटलं, "सर, कुलपात असतो, पण किल्ली कुलपालाच लटकवलेली होती."

ते काही बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. चार वर्षं आम्ही एन्क्रिप्शन आहे, एन्क्रिप्शन आहे म्हणत होतो आणि चोराला कष्ट फक्त डबा उचलायचे होते. आज कितीतरी ठिकाणी हीच रचना आहे. तुमच्याकडे असेल तर पुढचं वाचायच्या आधी उठून सर्व्हरच्या मागे बघून या.

त्यानंतर मी पेन ड्राइव्ह काढला आणि डिस्क हाताने उघडायची पद्धत लावली. किल्लीच्या दोन प्रती केल्या. दोन्ही पेन ड्राइव्ह एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच कंपनीचे घेतले. एक माझ्याकडे, एक विश्रामबागेत डॉक्टरांच्या घरी. इथेच माझी चूक झाली. २०२३ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद करून चालू केला, पेन ड्राइव्ह लावला, तर त्याचा लाइट लुकलुकला आणि विझला. दुसऱ्या पोर्टला लावला, लॅपटॉपला लावला. काही नाही. डॉक्टरांच्या घरून दुसरा मागवला. तो दिसला, पण फाइल वाचताना एरर. खाली वीस पेशंट बसलेले, रिसेप्शनवरची ताई हाताने पावत्या फाडतेय आणि मी वरती दोन मेलेले पेन ड्राइव्ह हातात धरून उभी.

आम्ही वाचलो ते कागदामुळे. डिस्कवर लिनक्सचं लक्स एन्क्रिप्शन आहे. त्यात एकाच डिस्कला अनेक किल्ल्या लावता येतात. जुन्या लक्समध्ये आठ जागा होत्या, लक्स दोनमध्ये बत्तीसपर्यंत असतात. एका जागेवर पेन ड्राइव्हची किल्ली आणि दुसऱ्या जागेवर एक लांबलचक पासफ्रेज, म्हणजे टाइप करायचा मोठा पासवर्ड, मी लावून ठेवला होता. तो कागदावर लिहून डॉक्टरांच्या बँकेच्या लॉकरमध्ये होता. बँक उघडेपर्यंत साडेदहा वाजले. अकराला सर्व्हर चालू झाला. पेन ड्राइव्हमधली चिप विजेचा बारीकसा भार साठवून माहिती धरून ठेवते. तो भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त लवकर गळतो. आमच्याकडचा एप्रिल-मे आणि पत्र्याचं कपाट हे त्याला मानवणारं नाही. आणि एकाच लॉटचे दोन नग म्हणजे दोन प्रती नव्हेत, एकाच प्रतीचे दोन तुकडे.

त्या महिन्यातच आयर्नकी घेतली.

ड्राइव्हचं वेगळेपण असं की तिच्या अंगावरच बटणं आहेत, जुन्या मोबाइलसारखी, आकडे आणि त्यांच्यावर अक्षरं. आत छोटी रिचार्ज होणारी बॅटरी आहे. म्हणून ती कशालाही लावायच्या आधी हातातल्या हातात उघडता येते: किल्लीचं चित्र असलेलं बटण दाबायचं, पिन टाकायचा, परत तेच बटण, हिरवा लाइट आला की खोचायची. सर्व्हरला ती साध्या पेन ड्राइव्हसारखीच दिसते. सॉफ्टवेअर नाही, ड्रायव्हर नाही. हे मला सगळ्यात आवडतं, कारण बाजारात पासवर्डवाले म्हणून मिळणारे बरेच पेन ड्राइव्ह विंडोजवर एक छोटा प्रोग्रॅम चालवून उघडतात. लिनक्सच्या सर्व्हरवर, तेही स्क्रीन नसलेल्या, त्यांचा उपयोग शून्य. शिवाय तिथे तुमचा पासवर्ड त्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून जातो. इथे पिन ड्राइव्हच्या बाहेर जातच नाही. सगळी माहिती आतल्या चिपमध्ये २५६ बिटांच्या एईएस या पद्धतीने एन्क्रिप्ट होते आणि ड्राइव्ह उपसली की ती परत बंद.

पिन आठ ते पंधरा आकड्यांचा लागतो. दोन पिन ठेवता येतात, एक ॲडमिनचा आणि एक वापरणाऱ्याचा. आमच्याकडे ॲडमिनचा पिन डॉक्टरांकडे आहे, वापरणाऱ्याचा माझ्याकडे. मी उद्या नोकरी सोडली किंवा पिन विसरले तर डॉक्टर त्यांच्या पिनने उघडून नवीन लावू शकतात. छोट्या ऑफिसात ही गोष्ट किती मोलाची आहे हे ज्यांचा "तो आयटीवाला मुलगा" पासवर्डसकट पुण्याला निघून गेला त्यांना विचारा. माझा पिन दहा वेळा चुकला तर माझी वाट बंद होते. ॲडमिनचा दहा वेळा चुकला तर ड्राइव्ह स्वतःचीच आतली किल्ली पुसून टाकते आणि वरचं सगळं कायमचं जातं. कंपनीला फोन करून काही होत नाही, मागचा दरवाजाच ठेवलेला नाही.

हे वाचून कोणाला कसं वाटेल मला माहीत आहे, कारण डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रॅमरची बातमी २०२१ मध्ये जगभर छापून आली होती. त्याच्या जुन्या आयर्नकीत ७,००२ बिटकॉइनची किल्ली होती, पासवर्ड लिहिलेला कागद हरवला आणि दहापैकी आठ प्रयत्न संपले होते. डॉक्टरांनी ती बातमी मला दाखवली. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: त्याच्याकडे किल्लीची प्रत एकच उरली होती. आयर्नकीने तिला नेमून दिलेलं काम केलं. अनोळखी माणसाला न उघडणं हे तिचं काम आहे आणि मालकालाही ती आकड्यांवरूनच ओळखते. किल्लीची दुसरी वाट तुम्ही ठेवायची असते, ड्राइव्हने नाही.

आणखी एक सोय फार लोक वापरत नाहीत. ॲडमिनला ही ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती करून टाकता येते. किल्ली एकदा लिहिली, मग लिहिणं बंद. घाईत कोणत्या भलत्या कॉम्प्युटरला लावली तरी फाइल पुसली जात नाही, व्हायरस चिकटत नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवून दिलं की साध्या पेन ड्राइव्हचं आतलं फर्मवेअरच, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅमच, बदलून त्याला कीबोर्ड असल्याची बतावणी करायला लावता येतं. या ड्राइव्हचं फर्मवेअर कंपनीच्या डिजिटल सहीचं आहे, बिनसहीचं आत जात नाही. बटणांवर एक लेप आहे, त्यामुळे कोणती बटणं रोज दाबली जातात ते घासावरून किंवा बोटांच्या ठशांवरून ओळखू येत नाही.

शिक्क्यांबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. पाकिटावर फिप्स असं अमेरिकी सरकारी प्रमाणपत्राचं नाव दिसलं की आपण हात जोडतो. २०१० च्या सुरुवातीला जर्मनीच्या सिस या संस्थेच्या लोकांनी किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बाटिम या तिन्ही कंपन्यांच्या अशाच प्रमाणपत्र मिळालेल्या काही पेन ड्राइव्ह उघडून दाखवल्या होत्या. एन्क्रिप्शन पक्कं होतं, पण पासवर्ड बरोबर आहे की नाही हे कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम ठरवायचा आणि ड्राइव्हला फक्त "उघड" असा एक ठरलेला निरोप द्यायचा. तो निरोप थेट दिला की काम झालं. पिन ड्राइव्हच्या आत तपासला जाणं का महत्त्वाचं, ते यावरून कळतं. पण नुसतं कीपॅड असणंही पुरेसं नाही: २०२२ मध्ये त्याच संस्थेने व्हर्बाटिमच्या एका कीपॅडवाल्या ड्राइव्हमधला दोष दाखवला, जिथे आतली डिस्क बाहेर काढून पिन कॉम्प्युटरवर शोधता येत होता. म्हणून मी आयर्नकीवरही आंधळा भरवसा ठेवत नाही. ड्राइव्ह हरवली की ती कोणी तरी उघडेलच असं धरून पुढचं करते.

पुढचं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण इथे चांगले जाणकारही चुकतात. पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली म्हणजे गेली असं नसतं. चिप झिजू नये म्हणून ड्राइव्ह प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहिते, जुनी प्रत मागे कुठेतरी राहते. त्यामुळे हरवलेली किंवा जुनी किल्ली रद्द करायची ती सर्व्हरच्या बाजूला: नवीन किल्ली लावायची, ती चालते हे बघायचं आणि मगच जुनीची जागा रिकामी करायची. लक्स सांभाळणाऱ्या क्रिप्टसेटअप या प्रोग्रॅममध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. पण एक फट राहते. लक्सच्या डिस्कच्या सुरुवातीला हेडर असतो, लक्स दोनमध्ये साधारण १६ एमबीचा. खरी किल्ली त्या हेडरमध्ये बंद असते आणि तुमची पेन ड्राइव्हवरची किल्ली फक्त तिला उघडते. हेडर बिघडला तर किल्ली असूनही डिस्क गेली, म्हणून त्याचा बॅकअप ठेवायलाच हवा. आता त्या बॅकअपमध्ये जुन्या किल्लीची जागा अजून भरलेली आहे. जुनी किल्ली आणि जुना हेडर एकाच्या हाती लागले, तर आज रद्द केलेल्या किल्लीनेही डिस्क उघडते. म्हणून किल्ली बदलली की हेडरचा नवीन बॅकअप घेऊन जुना नष्ट करायचा, आणि खरोखरच चोरी झाली असेल तर आख्खी डिस्क नव्याने एन्क्रिप्ट करायची. आमच्याकडे किल्ली आयर्नकीवर आणि हेडर दुसऱ्या जागी. दोन्ही एका पाकिटात कधीही नाही.

कागदाच्या प्रतीबद्दल एक युक्ती सांगते, जी मला तीन तास घालवून सापडली. सुरुवातीला मी किल्ली म्हणून यादृच्छिक बाइटांची फाइल केली होती. ती कागदावर उतरवता येत नाही. मग ३२ बाइट हेक्समध्ये काढले, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांची ६४ अक्षरं, आणि ती अक्षरंच फाइलमध्ये ठेवली. यात ओ नाही, एल नाही, त्यामुळे शून्य की ओ हा घोळ होत नाही. चार-चार अक्षरांचे सोळा गट कागदावर छापले. कल्पना अशी की ड्राइव्ह मेली तर कागद बघून हीच अक्षरं पासफ्रेज म्हणून टाकायची, मधल्या जागा सोडून. टाकली, तर उघडेना. परत टाकली. शेजारी बसलेली माझी भाची एकेक गट मोठ्याने वाचत होती, तरी उघडेना. शेवटी फाइलचा आकार बघितला: ६४ नाही, ६५ बाइट. एडिटरने शेवटी न दिसणारी नवी ओळ टाकली होती. लक्स फाइलमधला प्रत्येक बाइट किल्ली म्हणून मोजतं, पण कीबोर्डवरून टाकताना एंटर मोजत नाही. ती ओळ काढून किल्ली नव्याने लावली आणि पहिल्या झटक्यात उघडलं. मेमधल्या त्या सकाळी हीच गोष्ट घडली असती तर काय, हा विचार मला अजून येतो. कागदावरून उघडून बघितल्याशिवाय त्या कागदाला बॅकअप म्हणू नका.

रोजच्या वापरात त्रास किती? फार नाही, कारण सर्व्हर रोज बंद होत नाही. अपडेटनंतर किंवा यूपीएस संपेपर्यंत लाइट गेली तरच. मी जिना चढते, पिन टाकते, ड्राइव्ह लावते, एक स्क्रिप्ट चालवते, डिस्क उघडते, ड्राइव्ह काढून पर्समध्ये. दोन मिनिटं. ऑपरेटिंग सिस्टीम साध्या डिस्कवर आहे आणि फक्त डेटा कुलपात, त्यामुळे सर्व्हर निदान उठतो आणि नेटवर दिसतो. सर्व्हरला "डेटाची डिस्क नसली तरी थांबू नको" असं सांगून ठेवलंय. पण रात्री अडीचला लाइट गेली तर सकाळी कोणालातरी यावं लागतं, यात सूट नाही. मी सुट्टीवर असताना डॉक्टर स्वतः येतात. पहिल्यांदा त्यांनी कुरकुर केली. आता ते पिन टाकताना दाराकडे पाठ करून उभे राहतात, मला बरं वाटतं. बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की उतरणारच, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी ती अर्धा तास चार्जिंगला लावते. तेव्हाच फाइल वाचून बघते.

आणि ही ड्राइव्ह काय करत नाही तेही सांगायला हवं. डिस्क एकदा उघडली की खरी किल्ली सर्व्हरच्या मेमरीत असते, सर्व्हर बंद होईपर्यंत. चालू सर्व्हरमध्ये नेटवरून कोणी शिरलं, डेटा अडकवून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं, तर तुमची आयर्नकी पर्समध्ये शांत बसून राहील. ती संरक्षण करते ते चोरीला गेलेल्या डब्याचं, दुरुस्तीला पाठवलेल्या डिस्कचं, भंगारात गेलेल्या जुन्या सर्व्हरचं. छोट्या गावातल्या लॅबला, सीएच्या ऑफिसला, पतसंस्थेला हा धोका खोटा नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा वाचा. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आम्हाला तेवढा कोणी लावणार नाही, पण डॉक्टरांना पैशापेक्षा दुसरी भीती आहे. मंडईत कोणी तोंड फिरवून गेलं तर, ही.

किंमत साध्या पेन ड्राइव्हच्या कित्येक पट आहे. घरच्या फोटोंच्या डिस्कसाठी घेऊ नका. रात्री-बेरात्री सर्व्हर स्वतःहून उठायलाच हवा असेल, जवळ माणूस नसेल, तरीही घेऊ नका. तिथे वेगळी रचना लागते. ज्यांच्याकडे एकच सर्व्हर आहे, दोन भरवशाची माणसं आहेत आणि दुसऱ्यांची गुपितं सांभाळायची जबाबदारी आहे, त्यांनी बिनधास्त घ्यावी. ८ जीबीचीच घ्या, किल्ली ६४ बाइटांची आहे. वाचलेल्या पैशांत दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या महिन्यात आणखी एक कीपॅडवाली ड्राइव्ह घ्या आणि ती नदीपासून लांब ठेवा. आमची दुसरी मिरजेला डॉक्टरांच्या बहिणीकडे देवघराच्या वरच्या कपाटात आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, मी जाऊन ती उघडून बघते, आणि त्याच दिवशी लॉकरमधला कागदही.